नऊ नंबरचं घर

गेर्दाने एकतीस वर्षं डेन्मार्कमधल्या रॉस्किल्डमध्ये बस चालवली. कुणी पळत येताना दिसलं की थांबायची, आणि तो चढला की त्याला चार शब्द सुनवायची. तिचा मुलगा ईव्हर अडतीस वर्षांचा. त्याला गोष्टी उशिरा समजतात, पण एकदा समजल्या की कायमच्या.

गेर्दा धरून आम्ही अठरा घरांनी शेजारी राहायचं आणि संध्याकाळी एकत्र जेवायचं ठरवून जागा घेतली. गाडं अडलं ते मालकीवर. वकिलाने दोन वाटा सांगितल्या. एक तर ज्याचं घर त्याच्या नावावर, नाहीतर सगळी घरं आमच्या सहकारी संस्थेची आणि सभासदाला हयातभर राहायचा हक्क. मी गवंडी. जन्मभर दुसऱ्यांच्या भिंती बांधल्या, एक तरी माझ्या नावावर नको? मी अडून बसलो. आमच्याकडे सगळ्यांना पटेपर्यंत मत घेत नाहीत, नुसती कॉफी उकळत राहते. सहा महिने उकळली.

शेवटी गेर्दा बोलली. "घर माझं असलं तर माझ्यामागं ईव्हरचं होईल. मग कुणीतरी पालक नेमतील. तो घर विकेल आणि याला सरकारी वसतिगृहात टाकेल. सभासद असला तर याला कोण हलवणार?" मग माझ्याकडे वळली. "तुला भिंतीवर नाव हवंय ना? खडूनं लिही. मी पुसणार नाही."

मला राग आला आणि लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी मी सही केली. गेर्दाने नियमांत एक ओळ घालून घेतली: राहणारा प्रत्येक सज्ञान माणूस स्वतंत्र सभासद. ती ओळ लिहिली गेली त्या रात्री शांत झोप लागली, असं गेर्दा मला म्हणाली.

पुढच्या बैठकीत घरं वाटायची होती. गेर्दाने स्वयंपाकघराजवळचं चार नंबर मागितलं, दोघांसाठी.

ईव्हरने हात वर केला. "मी सभासद आहे ना?"

"आहेस की," मी म्हणालो.

"मग मला नऊ नंबर हवं."

नऊ नंबर सगळ्यात लहान, पार टोकाचं, एका माणसापुरतं. गेर्दाने विचारलं, "आणि मी?"

"तू चारमध्ये राहा, आई. रविवारी कॉफीला ये. यायच्या आधी दार वाजव."

कुणी हसलं नाही. आमचे सगळ्यांचे हात वर गेले. गेर्दाचा मात्र मांडीवरच होता. तिने लेकाकडे बघितलं, आणि मग तिनेही हात वर केला.