खंडेनवमीला पबात अडकलेला हात

लीड्समधले जुने पब मला पाठ आहेत. बाहेरून. (आत पाऊल टाकलंत तर घरात टाकू नका, असं सुनंदानं, म्हणजे बायकोनं, बजावून ठेवलंय. ती नर्स, मी त्याच हॉस्पिटलात पोर्टर, म्हणजे स्ट्रेचर ढकलणारा. मी कुठल्या दारातून आत गेलो हे तिला माझ्याआधी कळतं!)

पबात सिगारेटबंदी यायच्या तीन वर्षं आधीची गोष्ट. माझे सासरे अण्णा, मिरजेचे सुतार, महिनाभर आमच्याकडे आले. आल्या दिवशीच अण्णा मी सुटे भाग आणून जोडलेल्या फ्लॅट-पॅक कपाटाचं दार उघडायला गेले, ते सगळंच त्यांच्या हातात आलं. शांतपणे म्हणाले, "जावईबापू, हे कुठं ठेवू?"

तेव्हाच ठरवलं, हे परत जायच्या आत ह्यांच्या तोंडून एक तरी 'शाब्बास' ऐकायचंच.

शनिवारचं विमान आणि गुरुवारी आली खंडेनवमी. त्या दिवशी सुतार हत्यारांची पूजा करतो. अण्णांची हत्यारं मिरजेला!

"निदान चांगल्या लाकडाला तरी हळदकुंकू वाहतो," म्हणत अण्णा घरभर फिरले. टेबल ठोकून बघितलं. "भुसा." कपाट ठोकलं. "भुसा." मग माझ्याकडे बघितलं. (ठोकलं नाही, एवढंच.)

"अण्णा, चला! शंभर वर्षांचं लाकूड दाखवतो!"

हॉस्पिटलमागचा पब. सकाळचे अकरा, गिऱ्हाईक एक नाही. आत गेलो आणि मीच गार! भिंतीला चकाकत्या हिरव्या टाइल्स, आरशांवर कोरलेल्या वेली, काउंटरला पितळेचा दांडा आणि मागं महोगनीचे नक्षीदार खांब. अण्णांनी दारातच बूट काढले. मग मलाही काढावे लागले. (मोज्याला भोक. अंगठ्याएवढं.) लँडलेडी, म्हणजे पबची मालकीण, साठीची दणदणीत बाई, बघतच राहिली.

काउंटरवर बरोब्बर तोंडासमोर दुधी काचेच्या छोट्या खिडक्यांची रांग होती, खुंटीवर फिरणाऱ्या.

"हे काय हो?" अण्णांनी विचारलं.

मला काय डोंबल माहीत! पण शाब्बास पाहिजे होतं ना.

"तिकीटखिडकी, अण्णा! आधी पैसे, मग बियर. असा हात घालायचा..."

घातला. खिडकी फिरली आणि खट् करून मनगटावर बसली. ओढला तर आणखी घट्ट!

अण्णांनी वाकून बघितलं. "तिकीट कसलं? आडोसा आहे हा. पिणाऱ्याचं तोंड पलीकडच्याला दिसू नये म्हणून."

लँडलेडीला विचारलं, तर अगदी तेच निघालं! इंग्रजीचं अक्षर येत नाही माणसाला!

"अण्णा, हात!"

लँडलेडीनं टूलबॉक्स आणून दिला. अण्णांचे डोळे चमकले. स्क्रूड्रायव्हर, हातोडी, पटाशी काउंटरवर ओळीनं मांडली, खिशातून पुडी काढली, हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. मीही जोडले असते, पण एकच मोकळा होता!

"झालं? आता काढा."

"कशानं?"

"स्क्रूड्रायव्हरनं!"

"पूजेला बसलेलं हत्यार आज उचलत नाहीत, जावईबापू. उद्या दसरा. उद्या काढू."

"उद्या? अहो, माझी दोनला शिफ्ट आहे! सुनंदाला काय सांगू?"

"खरं सांगा. पबात आहे म्हणावं."

मी लँडलेडीला सगळं समजावून सांगितलं. ती पितळेचा दांडा धरून हसायला लागली. हसता हसता खाली बसली. दांडा कशासाठी असतो ते मला तेव्हा कळलं.

शेवटी अण्णांनी दोन बोटांनी खुंटी उचलली. खिडकी अलगद बाहेर! अर्धं मिनिटसुद्धा नाही.

"हे आधी का नाही केलंत?"

"तुम्ही सांगत होतात ना. म्हटलं, जाणकार आहेत."

खुंटी पार झिजलेली होती. नवी करून उद्या बसवतो, असं अण्णांनी खुणेनंच सांगितलं. लँडलेडी खूश! "उद्या नक्की आण हं ह्यांना, लव." (लव म्हणजे आपलं 'बाळा'. इथं सगळ्यांनाच म्हणतात.)

मी छाती फुगवली. "दहाला येतो आम्ही दोघं!"

"ते आत येतील," ती म्हणाली. "तू बाहेरूनच बघ."