कोपऱ्यापासून सांग

नरहरीअण्णा फोटो काढण्याआधी स्वतःच्या पायांकडे बघत. समोर मोठे साहेब असोत की गंजका पंप, आधी पाय. नव्वदच्या दशकात बंगळूरच्या एका सरकारी कारखान्याच्या फोटो विभागात मी सोलापूरहून रुजू झाले, तेव्हा मला ती त्यांची लहर वाटली. मग माझ्या पहिल्याच फोटोत खालच्या कोपऱ्यात माझी चप्पल आली, अंगठ्यासकट, मागच्या यंत्राहून मोठी.

"यंत्रापेक्षा चप्पल बरी आलीय," अण्णा म्हणाले. "अक्का, ही लेन्स हावरट आहे. दिसेल ते गिळते. आपल्यालासुद्धा." त्यांच्या तीन पिढ्या बंगळुरात गेल्या होत्या. मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी त्यांची अक्काच होते.

ती वीस मिलिमीटरची वाइड लेन्स विभागात एकच होती. चाचणीच्या खोल्या इतक्या अरुंद, की तिच्याशिवाय काम अडे. अण्णांनी ती माझ्या हातात दिली, पण रोल दिला नाही. "आठ दिवस नुसती बघत फिर. नोडु, नीट बघ. आधी चारी कोपरे, मग मधलं. मधलं कुठं पळून जात नाही." कॅमेरा स्वल्प वाकला तरी भिंती कलंडायच्या, कडेच्या माणसाचं डोकं फणसासारखं लांबायचं. मी तिची धास्तीच घेतली.

अण्णांच्या निवृत्तीला आठ महिने उरले होते. एका चाचणीच्या खोलीतली जुनी यंत्रणा मोडायची होती, त्याआधी तिचे फोटो हवे होते. अण्णांनी ते काढले. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली मी ट्रेमधला कागद हलवत होते, आणि कोपऱ्यात हळूहळू एक काळा बूट उगवला. नाडीला गाठ मारलेला, अण्णांचा. दुसऱ्या फोटोतही तोच बूट. तिसऱ्यातही.

मग एकेक आठवू लागलं. दाराच्या चौकटीला घासणारा त्यांचा खांदा, हात लागून टेबलाच्या कडेवरून पडलेला कप, बाजूने हाक मारली की त्यांचं दचकणं. साहेबांना कळलं तर कॅमेरा काढून घेतील आणि उरलेले महिने त्यांना टपालाच्या टेबलावर बसवतील, या भीतीने मी सगळ्या फोटोंचे कोपरे कापले आणि गुपचूप वर पाठवायला ठेवले. दोन दिवस मला जेवण गेलं नाही. फोन वाजला की वाटायचं, आलंच बोलावणं.

बोलावणं आलं ते अण्णांचं. त्यांच्यासमोर निगेटिव्ह आणि माझे फोटो शेजारी शेजारी होते.

"कापलंस?"

मी मान खाली घातली.

"काचबिंदू आहे. मधलं स्वच्छ दिसतं, कडा गेल्या. मधलंही जाईल म्हणतात." ते इतकं सरळ बोलले की मलाच रडू आलं. "पण बुटाबरोबर तू दाबाचा काटाही कापलास. उद्या यंत्र मोडतील. बूट होता तर सांगायचं, अण्णा, बूट आहे. माझी दया येऊन कोपरा कापायचा नाही. चल."

आम्ही परत त्या खोलीत गेलो. कॅमेरा स्टँडवर लावला. आधी मी बघायचं, कोपरे मोठ्याने सांगायचे, मग त्यांनी फोटो काढायचा.

"वर डावीकडे पाइप. वर उजवीकडे दिवा. खाली डावीकडे काटा, पूर्ण. खाली उजवीकडे..."

"सांग."

"तुमचा बूट, अण्णा."

"सरी, ठीक आहे," ते म्हणाले आणि एक पाऊल मागे सरले.

त्याच संध्याकाळी त्यांनी स्वतःच साहेबांना सगळं सांगितलं. मी बाहेर उभी राहून पदराचं टोक चावत होते. साहेबांनी आम्हाला जोडीने काम करायला सांगितलं, आणि आठ महिने आम्ही तसंच केलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी मी मल्लेश्वरमला त्यांच्या घरी गेले. तोवर मधलंही गेलं होतं. कॉफी झाल्यावर म्हणाले, "अक्का, खोलीत काय काय आहे? कोपऱ्यापासून सांग."

मी खिडकी सांगितली, देव्हारा सांगितला, वहिनींचं शिवणयंत्र सांगितलं, दाराशी काढलेली माझी चप्पलही सांगितली. ते हसले.

"दारामागच्या कोपऱ्यात माझी पांढरी काठी आहे," ते म्हणाले. "ती राहिली."