घासलेटवरचं थंड कपाट

डोणगावात वीज नव्हती, तरी माझ्या सासऱ्यांनी थंड कपाट आणलं. ते घासलेटवर चालायचं. खाली वात पेटवायची आणि वर बर्फ जमायचा. बसवून देणाऱ्या मिस्तरीनं ते खिडकीजवळ, भिंतीपासून हातभर पुढं मांडलं आणि बजावलं, "मागची जागा मोकळी ठेवा. वातीची गरमी बाहेर गेली तरच आत थंड होते."

मी घरातली नवी, धाकटी सून, थोडं इंग्रजी शिकलेली. मान अशी डोलावली, जणू कपाट मीच घडवलं होतं. खरं तर मला नुसती वात दिसली. नवरात्रात घटाजवळचा दिवा विझू द्यायचा नाही, एवढं एकच शास्त्र मला पक्कं येत होतं.

त्याच आठवड्यात नणंदेला पाहायला मेहकरची मंडळी येणार होती. त्यांना बर्फाचं सरबत पाजते, असं मी साऱ्या आळीत सांगून बसले. आदल्या दिवशी वारं सुटलं. मी खिडकी लावली, वातीभोवती विटा रचल्या आणि कपाटामागच्या जागेत गोधड्या कोंबल्या.

"वहिनी, गुदमरून राह्यलं ना ते," नणंद म्हणाली.

"तुले काय समजते त्यातलं?"

वात काही विझली नाही. बर्फाच्या खणात मात्र कोमट पाणी. रंग पाहून कोणाला कळायचं नाही, अशा आशेनं मी त्याच पाण्याचं सरबत पाहुण्यांपुढं केलं. मुलाच्या आजीनं घोट घेतला.

"तापवून आनलं का वो बाई?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "आमच्या सूनबाईनं कपाटाले गोधडी पांघरली. थंडी वाजली असती ना त्याले."

सगळ्या बायका हसल्या. नणंद तेवढी हसली नाही; पसंत-नापसंत तिची व्हायची होती. ती उठली आणि माठातलं पाणी घेऊन आली. आजीनं पेला रिकामा केला, तिला जवळ बसवलं आणि म्हणाली, "ही पोरगी आमची."

सोयरीक जुळल्यामुळे मला घरात कोणी बोललं नाही. लग्नात मात्र त्या आजीनं चष्मा पुसत मलाच विचारलं, "सरबत तापवणारी सून कोनती वो तुमच्यातली?"

मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या थोरल्या जावेकडे बोट दाखवलं.

पुढं प्रत्येक कार्यात म्हातारी जावेलाच चिडवायची. जाऊ बिचारी ओशाळून खाली बघायची, आणि मी इतरांच्या बरोबरीनं हसायची.