काटेबाईंचा खांदा

दुकानदार त्यांना तोंडावर 'बाई' म्हणत आणि पाठ वळली की 'काटेबाई'. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. भाजीवाल्याचा काटा असो, सोनाराचा असो की भंगारवाल्याचा, बाई पेटीतून आपली पितळी वजनं काढत, आधी पारड्याच्या मधोमध ठेवत, मग चारी कोपऱ्यांवर ठेवून बघत, आणि सगळीकडे आकडा बरोबर आला तरच शिक्का मारत. कुणाकडे चहा घेत नसत. "बसा तरी," म्हटलं तर बसतही नसत. एकदा बसलं की माणूस समोरच्याचं ऐकायला लागतो, असं त्यांचं मत होतं.

वजनांची ती पेटी अठरा किलोंची. ती त्यांनी इतकी वर्षं उजव्या हातानं उचलली, आणि बावन्नावं लागलं तसं उजव्या खांद्यानं कामातून अंग काढून घेतलं. आधी नुसतं ठणकायचं. मग हात कानाच्या वर जाईना. पुढे पुढे तर वेणी घालायला नवऱ्यापुढे बसावं लागायला लागलं. नवरा शाळेची बस चालवायचा. माणूस भला, पण भांग असा वाकडा पाडायचा की ऑफिसातल्या मुली विचारायच्या, "बाई, आज घाईत निघालात का?"

डॉक्टरांनी चार मिनिटं दिली. त्यातली तीन कॉम्प्युटरला. "खांदा धरलाय. गोळ्या घ्या, व्यायाम करा, वर्ष-दीड वर्षात सुटेल." गोळ्यांनी खांद्याचं काही झालं नाही, पोटात मात्र आग पडली. आणि दीड वर्ष हे शब्द बाईंच्या डोक्यातून जाईनात.

मग नणंदेचा फोन आला. नणंद सगळ्यांच्या दुखण्यांची माहिती ठेवून असायची.

"वहिनी, त्या गोळ्यांनी पोटाची चाळण होईल. काहीतरी नैसर्गिक करा."

"करते. पण ज्याला ते करायचा अधिकार आहे, अशाच माणसाकडे जाईन."

"आता माणसाला काय शिक्का असतो का वहिनी?"

बाईंना तो विनोद आवडला नाही.

पहिले भेटले ते निसर्गोपचारवाले. खोली छान गार, कोपऱ्यात कुंड्या, आणि समोरच्या भिंतीवर अकरा फ्रेमा. बाकीचे लोक डोळे मिटून बसले होते. बाई उठल्या आणि एकेक फ्रेम वाचायला लागल्या. एक तीन दिवसांच्या शिबिराला हजर राहिल्याबद्दल. एक कुठल्याशा भाषणाबद्दल आभार मानणारी. एक बुद्धिबळाच्या स्पर्धेत दुसरा नंबर आल्याची.

आत गेल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "हे सगळं तुम्ही शिकलात कुठे? किती वर्षांचा अभ्यासक्रम होता?"

गृहस्थ हसले. "माझा गुरू म्हणजे निसर्ग."

"मग बाहेरच्या फ्रेमा कुणी दिल्या?"

हसू मावळलं. "ताई, मनात शंका असली की उपचार लागू पडत नाहीत."

बाई तशाच उठून आल्या. रात्रीच्या जेवणाला नवरा म्हणाला, "अगं, तू दुखणं घेऊन गेली होतीस की छापा घालायला?" बाई जेवत राहिल्या. डाव्या हातानं घास उचलताना तो ताटात सांडत होता, त्याचाच त्यांना जास्त राग येत होता.

दुसरे भेटले ते एक वैद्य, आणि त्यांच्याबद्दल बाईंनी आधीच सगळी चौकशी केली. साडेपाच वर्षांची पदवी, मान्यता असलेल्या कॉलेजातली, नोंदणी चालू. बाई निश्चिंत मनानं गेल्या. त्या वैद्यांनी फोनवर कुणाशी तरी प्लॉटबद्दल बोलता बोलता बाईंच्या मनगटावर दोन बोटं ठेवली, फोन ठेवला आणि मागच्या फळीवरून एक हिरवा डबा काढला.

"सकाळ-संध्याकाळ एक चमचा. बाकी कुठली औषधं चालू आहेत?"

"रक्तदाबाची."

"बंद करा. ह्यात सगळं आलं."

"तुम्ही रक्तदाब बघितलाच नाही."

"बघायची गरज नाही."

बाईंनी बाहेर बसलेल्यांकडे नजर टाकली. गुडघेदुखीच्या आजोबांच्या मांडीवर तोच डबा. केस गळणाऱ्या पोरीच्या हातात तोच डबा. बाईंनी त्या खुर्चीत क्षणभर स्वतःला मूर्ख म्हणून घेतलं. असले दुकानदार त्यांनी ढिगानं पाहिले होते. काटा रीतसर तपासून घ्यायचा, शिक्का मारून घ्यायचा, आणि साहेब वळल्यावर पारड्याच्या खाली शिसं चिकटवायचं. शिक्का खोटा नसतो, पण तो ज्या दिवशी मारला त्या दिवसापुरताच खरा असतो. डबा तिथेच ठेवून त्या निघाल्या. रक्तदाबाची गोळी त्यांनी घरी येऊन वेळेवर घेतली.

तोवर चार महिने झाले होते. रात्री त्या कुशीवर झोपू शकत नव्हत्या. ऑफिसातून विचारणा झाली की फिरतीचं काम जमणार आहे का, नसेल तर फायलींच्या टेबलावर बसा. आणि नणंदेनं तिसरा पत्ता दिला होता. हाडवैद्य. म्हणे परगावाहून गाड्या करून लोक येतात.

त्याच्या पाटीवर नोंदणी क्रमांक ठसठशीत रंगवलेला होता. बाईंनी तो वहीत उतरवून घेतला आणि वैद्यांच्या नोंदणीच्या कार्यालयात फोन लावला. पहिल्या दिवशी फोन लागेना. दुसऱ्या दिवशी जेवणाची सुट्टी. तिसऱ्या दिवशी एकानं सांगितलं की हे काम दुसऱ्या टेबलाचं, आणि दुसरं टेबल रजेवर आहे.

"आता तरी चल," नवरा म्हणाला. "नंबर आहे ना पाटीवर? आणखी काय पाहिजे तुला?"

आणि बाई गेल्या. नंबर तपासून व्हायच्या आतच गेल्या, हे त्यांना पुढे कितीतरी दिवस खात राहिलं.

खरं सांगायचं तर तिथे त्यांना बरं वाटलं. चाळिशीचा दणकट माणूस, हसरा. त्यानं नवऱ्याला जवळ बसवून घेतलं, बाईंना कामाबद्दल विचारलं, पेटीचं वजन ऐकून "अठरा किलो? खात्यानं तुम्हाला नोकरी दिली की शिक्षा?" असं म्हणून हसवलं. चार महिन्यांत त्यांचं इतकं कुणी ऐकून घेतलं नव्हतं. त्या बसल्या आणि बोलत राहिल्या. मग कोमट तेल, मग हलक्या हातानं मालिश. मग तो म्हणाला, "आता थोडं सोसा," आणि त्यानं हात एका झटक्यात वर पिळला.

खांद्यात काहीतरी कडकन वाजलं. बाईंच्या डोळ्यांपुढे अंधारी आली.

"सुटला," तो म्हणाला.

सुटला कसला. पुढचे तीन आठवडे हात गळ्यात बांधून काढले. डॉक्टरांनी फोटो काढला, हाड शाबूत होतं, आतल्या आत सूज होती. "कुणाकडे गेला होतात?" त्यांनी विचारलं. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी प्रश्नाला खाली मान घालून उत्तर दिलं.

त्याच आठवड्यात दुसरं टेबल रजेवरून परत आलं. फोनवरचा कारकून म्हाताऱ्या आवाजाचा होता. "हा नंबर? हे वैद्य नऊ वर्षांपूर्वी वारले हो. आज असते तर ब्याण्णव वर्षांचे असते. तिथे आता बसतो तो मुलगा असेल त्यांचा."

बाई बांधलेल्या हातानिशी त्या दवाखान्यात गेल्या. बाहेर रांग होती. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पाटीवरचा नंबर तुमच्या वडिलांचा आहे ना?"

तो जराही गडबडला नाही. "हो. दवाखाना वडिलांचा, विद्या वडिलांची, मग नंबर शेजाऱ्याचा लावू का?"

"ते वारले. त्यांचा नंबर तुम्हाला लावता येत नाही. तुम्ही काही शिकलायत का?"

"पंधरा वर्षं त्यांच्या हाताखाली होतो."

"परीक्षा?"

आता रांगेतली एक वयस्क बाई मध्ये पडली. "कशाला त्रास देता हो त्याला? माझी कंबर ह्यानंच बरी केली. मोठ्या दवाखान्यात कुणी विचारत नव्हतं." आणखी दोघांनी माना हलवल्या. हाडवैद्य नुसता उभा होता, आवाजही न चढवता. कंबर बरी झालीही असेल. ते खोटं आहे असं त्यांना म्हणता येत नव्हतं, आणि नेमकं तेच त्यांना झोंबत होतं.

तक्रार नोंदवायला त्या कार्यालयात स्वतः गेल्या. पहिल्या खिडकीवर सांगितलं, इजा झाल्याचा कागद आणा. तो आणला. मग सांगितलं, हा अर्ज ह्या नमुन्यात चालत नाही. नमुना आणला. मग सांगितलं, नोंदणी नसलेल्या माणसावरची तक्रार आमच्याकडे येत नाही, आमच्याकडे फक्त नोंदणी असलेल्यांच्या येतात.

"म्हणजे तुमच्याकडे नाव असलेल्यानं चूक केली तर तुम्ही बघणार, आणि नाव नसलेल्यानं केली तर कुणीच नाही?"

"तसं नाही बाई. ते दुसरं खातं."

बाई बाकावर जाऊन बसल्या. 'ते आमच्याकडे येत नाही' हे वाक्य त्यांच्या ओळखीचं होतं. सत्तावीस वर्षांत त्यांनीही ते किती जणांना ऐकवलं असेल, आणि ऐकणाऱ्यानं पायऱ्या उतरताना काय म्हटलं असेल, ते त्यांना आज कळलं.

तो म्हाताऱ्या आवाजाचा कारकून त्यांच्याजवळ आला. "यादी घेऊन जा," तो हळूच म्हणाला. "चालू नोंदणी असलेल्या वैद्यांची आहे. पण नुसत्या नावावर जाऊ नका. फोन करा, विचारा."

बाईंनी एका रविवारी सात फोन केले. सगळ्यांना तेच विचारलं, असा खांदा तुम्ही आधी हाताळलाय का, काय करणार, आणि हे आपलं काम नाही असं तुम्ही कधी म्हणता. दोघांनी फोन ठेवून दिला. एकानं पंधरा दिवसांत खात्रीनं बरं करतो म्हटलं, तिथे बाईंनीच ठेवला. एक म्हणाला, "तुम्ही पत्रकार आहात का?" पाचवा उचललाच गेला नाही, सहाव्यांनी दवाखाना बंद केला होता. सातवा आवाज बाईमाणसाचा, सर्दीनं बसलेला.

"पहिल्या भेटीत मी हात लावणार नाही," ती म्हणाली. "आधीचे सगळे कागद घेऊन या. गोळ्यांची पाकिटंही."

ड्रायक्लीनरच्या दुकानावरची खोली, वाफेचा वास जिन्यापर्यंत. वैद्यबाई तिशीच्या, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली. पाऊण तास त्या नुसत्या विचारत होत्या. तहान किती लागते? रात्री किती वेळा उठता? वजन उतरलंय का? बाईंचा धीर सुटला.

"मी खांद्यासाठी आलेय."

"हो. साखर वाढली की खांदे असे धरतात बऱ्याचदा. तुमची साखर कुणी तपासली होती का?"

कुणीच तपासली नव्हती. फ्रेमावाल्यांनी नाही, डबेवाल्यांनी नाही, त्या गोड बोलणाऱ्यानं नाही आणि डॉक्टरांनीही नाही.

"आधी ती तपासून घ्या. जास्त निघाली तर ती माझ्या हातातली गोष्ट नाही, त्यासाठी डॉक्टरांकडेच जायचं. मी चिठ्ठी देते."

"म्हणजे मी फिरून तिथेच जायचं? पहिल्याच ठिकाणी?"

"हो."

पाच महिने पायपीट करून खऱ्या माणसापर्यंत पोचावं आणि त्यानं परत पाठवावं, ह्याचा बाईंना इतका संताप आला की जिना उतरताना त्यांनी कठड्यावर डावा हात आपटला. पण तपासणी केली. साखर चांगलीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, दुसऱ्यांदा वाचली, आणि ह्या वेळी खुर्ची बाईंकडे वळवली.

साखरेची गोळी डॉक्टरांची आणि शेक, पथ्य, हळूहळू हात हलवायचे व्यायाम वैद्यबाईंचे, असं सुरू झालं. "पहिल्यासारखा होईल का?" बाईंनी एकदा विचारलं. "सुधारेल. पूर्ण येईल असं मी लिहून देणार नाही," वैद्यबाई म्हणाल्या. बाईंना ते आवडलं असं नाही, पण त्या पुढच्या वेळी गेल्या, आणि त्याच्या पुढच्याही.

अकरा महिन्यांनी हात कपाटाच्या दुसऱ्या फळीपर्यंत जायला लागला. वेणी स्वतःची स्वतः घालता येऊ लागली. पेटीला खात्यानं चाकं दिली, तीही तीन अर्जांनंतर. नणंद अजून सगळ्यांना सांगते की गुण हाडवैद्याच्या तेलाचा होता, फक्त उशिरा आला. दुसऱ्या खात्याकडे दिलेल्या तक्रारीला उत्तर आलं, 'प्रकरण विचाराधीन आहे'. त्यानंतर काही नाही.

मग एका सकाळी फिरती त्याच गल्लीत लागली. पाटी नव्यानं रंगवलेली होती, नंबर तोच. रांग आधीपेक्षा लांब. शेवटी एक पोरगेलीशी बाई मनगट धरून उभी होती. बाईंनी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. मेलेल्या वडिलांचा नंबर, पिळलेला हात, साखर, सगळं. चिठोऱ्यावर वैद्यबाईंचा फोनही लिहून दिला.

त्या बाईनं शांतपणे ऐकून घेतलं, चिठोरं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवलं.

"तिथे किती दिवस लागतात?"

"सांगता येत नाही. महिने लागतील."

"मला सोमवारी कामावर जायचंय," ती म्हणाली. तेवढ्यात आतून कुणीतरी पुढच्यांना बोलावलं, रांग सरकली, आणि ती बाईही रांगेबरोबर पुढे सरकली.