सेकंदकाकांचा अंगठा

पोहण्याच्या तलावावरच्या कुठल्याही पोराला विचारलं, तर ते सांगायचं की इथे दोन गोष्टी जागच्या हलत नाहीत. एक तलावाची भिंत आणि दुसरा सेकंदकाकांचा आकडा.

खरं तर सेकंदकाका नोकरीला होते पंपघरात. पंप चालू करायचा, गाळणी धुवायची, पाण्यात क्लोरीन टाकायचं, तळाशी पडलेल्या केसांच्या पिना वेचायच्या, हे त्यांचं काम. वेळ लावणारा माणूस एकदा आजारी पडला तेव्हा दोन दिवसांसाठी म्हणून स्टॉपवॉच त्यांच्या हातात आलं, आणि त्या दोन दिवसांना आता सव्वीस वर्षं झाली होती. दर शनिवारी सकाळी ते घड्याळ गळ्यात अडकवून भिंतीशी वाकून उभे राहत. पोराचं बोट भिंतीला टेकलं की यांचा अंगठा खाली. त्यात ना मागे ना पुढे. सख्ख्या भाच्याची निवड एका दशांशाने हुकली, बहीण दोन वर्षं बोलली नाही, पण काकांनी आकडा बदलला नाही. "अंगठा माझा आहे, वेळ माझी नाही," एवढंच म्हणाले. यावर काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "तलावावर दशांश मोजतात, आणि भाजी आणायला पाठवलं की दीड तासाने उगवतात!"

टिटवी सात वर्षांची असताना पहिल्यांदा आली. हे नाव काकांनीच ठेवलेलं. पोरीचं तोंड म्हणून बंद नसायचं. पाण्यात शिरताना बोलायची, बाहेर येताना बोलायची, आणि मधे श्वास घ्यायला तोंड वर काढलं तरी काहीतरी सांगून पुन्हा खाली जायची. पंपघराच्या दारात उभं राहून ती विचारायची, "काका, तलावातलं पाणी रात्री झोपतं का?" काका म्हणायचे, "पंप बंद केला की झोपतं. तू बंद झालीस की मीपण झोपेन." ती खिदळत पळायची. काकांना मूलबाळ नव्हतं. या गोष्टीचा ते कधी उच्चार करत नसत, पण टिटवीच्या बडबडीशिवाय त्यांची सकाळ सुरू होत नसे, हे अख्ख्या तलावाला माहीत होतं.

बाराव्या वर्षी टिटवी दोनशे मीटरमध्ये सगळ्यांच्या पुढे गेली आणि मोठ्या माणसांचं तिच्याकडे लक्ष गेलं. तिथेच घोडं अडलं. शिकवणारे सर काही वाईट माणूस नव्हते. पहाटे सगळ्यांच्या आधी यायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचे, एखाद्या पोराला ताप आला तर स्वतः घरी पोचवायचे. पण त्यांचा एक नियम होता. मागच्या शनिवारपेक्षा ज्याची वेळ कमी लागेल, त्याला रविवारची सुट्टी. ज्याची लागणार नाही, त्याने रविवारीही पाण्यात. पोरं ईर्षेने पोहतात म्हणून सरांना या नियमाचा फार अभिमान होता.

टिटवीच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. पोरं मागून म्हणायची, सगळ्या गावाला नंबर काढून देतात, म्हणून घरातही पहिलाच नंबर लागतो. दुकानात नंबर तपासायच्या तक्त्याशेजारी त्यांनी एक कागद लावला होता. त्यावर टिटवीच्या दर शनिवारच्या वेळा. गिऱ्हाईक डोळा झाकून अक्षरं वाचायला लागलं की यांचं आपलं सुरू, "तो कागदही वाचा, आमच्या मुलीचा आहे."

टिटवी तेरा वर्षांची झाली त्या वर्षी तिचं बोलणं कमी कमी होत गेलं. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही, उलट सर म्हणाले, "आता कशी गंभीर झालीय." काकांच्या मात्र लक्षात आलं. ती येऊन बाकावर बसायची, डोक्यावर टॉवेल घ्यायची आणि शिट्टी होईपर्यंत तशीच राहायची. महिन्यात तीनदा सर्दी झाली. उजवा खांदा डाव्या हाताने दाबत चालायची. एकदा तर कपडे बदलायच्या खोलीत भिंतीला टेकून उभ्या उभ्या झोपली होती. पंपघरासमोरून जाताना काका म्हणाले, "काय गं टिटवे, आज प्रश्न नाही?" ती थांबली, आठवल्यासारखं केलं, आणि "नाही काका" म्हणून पुढे गेली.

काकांना पंपाची भाषा कळत होती. मोटर सारखी चालू ठेवली की आधी आवाज बदलतो, मग अंग तापतं, आणि तरीही बंद नाही केली तर आतली तार जळते. ते सरांकडे गेले.

"सर, पोर दमलीय. आठ-दहा दिवस घरी बसू द्या."

"काका, तुम्ही पाणी बघा, पोरं मी बघतो," सर हसतच म्हणाले. "अहो, टिटवीदेखील समुद्र आटवते, म्हण आहे ना? तुम्हीच तर नाव ठेवलंत."

काका पंपघरात परतले. तिथे दुसऱ्यांदा बोलायला हवं होतं, तिसऱ्यांदा बोलायला हवं होतं, घसा सरांपेक्षा मोठा करायला हवा होता. पण पंपघरातल्या माणसाने किती बोलावं, याचं एक माप त्यांनी स्वतःच आखून ठेवलं होतं.

आणि नियम तर असा, की दमलेलं पोर हळू येणार, हळू आलं की त्याला सुट्टी नाही, आणि सुट्टी नाही म्हणून ते आणखी दमणार. टिटवी सलग सहा रविवार पाण्यात होती. सातव्या शनिवारी ती शेवटचे पंधरा मीटर येत होती ते काकांना बघवेना. हात नुसते पडत होते. तिचं बोट भिंतीपासून हातभर लांब असतानाच काकांचा अंगठा खाली गेला.

दोन मिनिटं, चोवीस सेकंद, तीन दशांश. मागच्या शनिवारपेक्षा दोन दशांश कमी. काकांनी मोठ्याने आकडा सांगितला आणि सरांनी तो वहीत लिहिला. काकांचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, त्याला कोण विचारणार? टिटवीने पाण्यातून मान वर करून काकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. काकांनी नजर चुकवली.

सोमवारी तिची आई भेटली. म्हणाली, "काल दुपारपर्यंत झोपली हो. उठली, पोटभर जेवली आणि परत झोपली." काकांना एवढा आनंद झाला की त्यांनी घरी जाऊन काकूंना सांगितलं. काकू वाटाणे सोलत होत्या. त्यांचा हात थांबला.

"अहो, आणि पुढच्या शनिवारी?"

काकांनी त्याचा विचारच केला नव्हता. पुढच्या शनिवारी चोवीस-तीनच्याही आत यायला हवं होतं, आणि टिटवी खरी आली पंचवीसच्या जवळपास. एवढं अंतर अंगठ्याने भागेना. तेव्हा काकांनी घड्याळ तळव्यात झाकलं आणि तोंडाने खोटं सांगितलं. त्याच्या पुढच्या शनिवारी आणखी मोठं. भाच्याला एक दशांश न देणाऱ्या माणसाने पाच शनिवारांत त्या पोरीला चार सेकंद दिले. मोबदल्यात तिला पाच रविवार मिळाले. काकांना वाटत होतं, पोर सावरेल, खरोखरच वेगात येईल, आणि मग खऱ्याखोट्याची तोंडमिळवणी होऊन जाईल. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, असं आपण म्हणतो ना, तेच होऊ घातलं होतं.

कारण वही सर वाचत होते. पाचव्या शनिवारनंतरच्या सोमवारी ते पंपघरात आले, काकांच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंत? तुम्ही म्हणत होता दमलीय! दर आठवड्याला वेळ उतरतेय. पोरीत अजून खूप आहे." त्याच दिवशी त्यांनी तिला मोठ्या मुलींच्या गटात टाकलं, दुपारचा तिसरा सराव लावला, आणि महिन्यावर स्पर्धा आली म्हणून रविवारची सुट्टी सगळ्यांचीच बंद केली; स्पर्धेपर्यंत शनिवारची वेळही लावायची नाही, नुसता सराव. वडिलांनी दुकानातल्या कागदाला नवा कागद जोडला, त्यावरची शेवटची वेळ दोन मिनिटं, वीस सेकंद.

आता तरी बोलायचं. काकांनी ते रोज ठरवलं. सकाळी गाळणी धुताना ठरवायचे, आणि सर समोर आले की क्लोरीन संपत आल्याचं सांगायचे. सव्वीस वर्षांचा अंगठा होता. त्यावर डाग लागेल या भीतीने ते गप्प राहिले, हे त्यांनी पुढे स्वतःच कबूल केलं. तेव्हा मात्र स्वतःला सांगत होते की येत्या शनिवारी नक्की.

स्पर्धा दुसऱ्या तलावावर होती. तिथे माणसाचा अंगठा लागत नव्हता. भिंतीला पट्ट्या लावलेल्या, बोट टेकलं की आकडा वरच्या फळ्यावर आपोआप. टिटवी आठ जणींत सातवी आली. फळ्यावर आलं, दोन मिनिटं, सव्वीस सेकंद.

वडील कठड्यावरून वाकून ओरडले, "सहा सेकंद जास्त? आजच? आजच काय झालं तुला?"

सर शांतपणे म्हणाले, "ऐन वेळी कच खाल्ली. दर शनिवारी पोहते, आणि इथे अंगचोरपणा."

टिटवी पाण्यातच दोर धरून उभी होती. तिच्या अंगात होतं नव्हतं तेवढं तिने त्या दोनशे मीटरमध्ये घातलं होतं. हे त्या गर्दीत एकाच माणसाला ठाऊक होतं, आणि तो माणूस भाजीची रिकामी पिशवी हातात धरून तिसऱ्या रांगेत बसला होता. तिची खरी मेहनत आळस ठरली ती काकांच्या आकड्यांमुळे. ते उठले, पण पायऱ्या उतरून जाईपर्यंत वडील तिला घेऊन गेले होते.

त्यानंतरच्या सोमवारी ती तलावावर आली, कपडे बदलले, काठावर बसली आणि पाण्यात पाय सोडले. शिट्टी झाली. ती उठली नाही. सर ओरडले, मग समजावलं, मग पुन्हा ओरडले. ती नुसती मान हलवत राहिली. रडली नाही. तासाभराने टॉवेल गुंडाळून घरी गेली ती परत आली नाही.

त्या दुपारी काकांनी घड्याळ सरांच्या टेबलावर ठेवलं आणि पाचही शनिवार सांगितले. सर बराच वेळ वही उलटसुलट करत राहिले.

"मला आधी सांगायचं नाही का काका?"

"सांगितलं होतं," काका म्हणाले. "एकदा. मग खोटं सांगितलं, ते तुम्ही लगेच ऐकलंत."

सरांनी रविवारचा नियम काढून टाकला. रविवारी आता तलावच बंद असतो, आणि किल्ली काकांकडे असते. पण जिच्यासाठी तो नियम जायला हवा होता, ती त्या वेळी घरात खिडकीशी बसून होती. शाळेतही धड जात नव्हती. पोहण्याचं नाव काढलं की खोलीत जाऊन दार लावायची.

तिसऱ्या आठवड्यात काका चष्म्याच्या दुकानात गेले. वडिलांना सगळं सांगितलं. ते चिडतील, हाकलतील, याची तयारी करून गेले होते. वडिलांनी चष्मा काढला, भिंतीवरचा कागद काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि खणात टाकला. "मी तिला आळशी म्हणालो," ते म्हणाले. "तीन आठवडे रोज म्हणतोय." मग दुकानात आलेल्या गिऱ्हाइकाला उद्या यायला सांगून ते काकांना घरी घेऊन गेले.

टिटवी पायरीवर बसली होती. केस वाढले होते. क्लोरीनने तांबूस झालेली टोकं तेवढी खाली लोंबत होती. वडील आत गेले. काका तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि मान खाली घालून सगळं बोलले. रविवार मिळावा म्हणून केलं, तुला विश्रांती मिळावी म्हणून केलं, चुकलो.

"मला माहीत होतं," टिटवी म्हणाली. "पाण्यात कळतं हो काका. पहिल्याच शनिवारी कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस बाळा?"

ती पायरीवरची माती नखाने खरवडत होती. "मला वाटलं, तुम्हालापण मी जिंकायलाच हवी आहे. म्हणून वाढवून सांगताय. आधी वाटायचं, मी कितीही हळू आले तरी एका माणसाला चालतं. मग वाटलं, त्यालापण चालत नाही."

काकांनी तोंड उघडलं. तिला सांगायचं होतं की तसं नव्हतं, अगदी उलट होतं, तू बुडत बुडत आली असतीस तरी चाललं असतं. पण खरं सांगायची वेळ पंपघराच्या दारात होती, ती रोज तिथून जायची तेव्हा.

आतून आईने हाक मारली. टिटवी उठली, फ्रॉकची माती झटकली. "येते काका," म्हणाली आणि आत गेली. काही विचारलं नाही. काका बराच वेळ त्या पायरीवर बसून राहिले, ती पुन्हा बाहेर येऊन काहीतरी विचारेल म्हणून.