ताईसाठी बंद कव्हर

समजा, सायकल उलटी करून तुमच्यासमोर ठेवली आहे. मागच्या चाकाचे तिन्ही गिअर हबच्या पोटात आहेत, बाहेर फक्त एक दातेरी चक्र. कव्हरचा आतला अर्धा भाग आधीच लावलेला आहे. आसावर खुंटीवाले वायसर घाला, खुंट्या फ्रेमच्या खाचेत बसू द्या. नाहीतर पेडलवर जोर पडताच आसच फिरेल. चाक मागे ओढा, चेन अर्धा इंच हलेल इतकी ढिली ठेवा, नट आवळा. मग कव्हरचा बाहेरचा भाग चढवा. चेन दिसेनाशी झाली? झालं काम.

जेमतेम पाऊण दिवसाचं. सायकलमिस्त्रीने ते अकरा वर्षं उद्यावर ढकललं.

सायकल त्याच्या थोरल्या बहिणीची. ताई दवाखान्यात परिचारिका. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायची. आई गेल्यावर तिनेच याला लहानाचं मोठं केलं. सायकलवर झग्याचा घेर चेनमध्ये जाऊ नये म्हणून ती घेराला कपड्यांचा चिमटा लावायची. समोरचा चावीवाला टोमणा मारायचा, "मिस्त्री, अख्ख्या गावाच्या चेनी झाकल्यास, घरचीच तेवढी उघडी!" मिस्त्री हसून सोडून द्यायचा. ताई काय, घरचीच.

एके सकाळी ती दुकानाच्या दारात आली. "अरे, चिमटा तुटलाय. सुतळीचा एक तुकडा दे."

"दोनच मिनिटं, ताई." त्याचं डोकं गिऱ्हाइकाच्या चाकात होतं. वर पाहिलं तेव्हा दारात कोणी नव्हतं. सुतळीचा गुंडा त्याच्या हाताशीच पडला होता.

वळणावर घेर चेनमध्ये गेला. गुडघ्याचा चुरा झाला. आता ताई दवाखान्यात खिडकीमागे बसून नंबराच्या चिठ्ठ्या फाडते.

आज सायकल तयार झाली. काठी टेकत ताई आली, तिने हाताने पेडल फिरवलं.

"छान. आवाजसुद्धा नाही."

"थांबल्या जागी गिअर बदलतो, ताई. हलका टाकायचा आणि निघायचं. गुडघ्याला त्रास नाही."

"थांबायचं मला शिकवू नकोस." ती त्याच्या हातातल्या फडक्याकडे बघत म्हणाली, "माझ्या जागी नवी पोरगी आलीय, तिला देऊन टाक. तिचाही झगा लांब आहे."

"ताई, तुझ्यासाठी केलीय गं."

"दिसतंय ना. काम चोख आहे तुझं. पहिल्यापासूनच."

त्याने अखेर विचारलंच, "त्या दिवशी दारात किती वेळ उभी होतीस?"

"आठवत नाही," ताई म्हणाली. कोणाची पट्टी कोणत्या तारखेला बदलली हे आजही तोंडपाठ सांगणारी ताई.

ती काठी टेकत गेली. मिस्त्रीने कव्हरचा शेवटचा स्क्रू उगाच पुन्हा पिळला. दोन मिनिटं तरी थांबली असेल का ती? की जास्त?