गोलकीपरची नाईट ड्युटी

मैदानावर फक्की टाकताना चुन्याचा वास आला, की मला आमच्या खुर्सीपार वस्तीतली ती चहाची टपरी आठवते. आमच्या वस्तीचा फुटबॉल क्लब त्या हंगामात सारखा हरत होता, आणि रविवारी सकाळची मॅच संपली की आम्ही सगळे तिथे भजी खात कारणं शोधायचो. "कावून हरून राहिलो यार आपण?" कुणी कोचवर घसरायचं, कुणी बुटांवर. त्या दिवशी आम्ही चार गोल खाल्ले होते आणि सगळ्यात मोठा आवाज माझा होता. "गोलकीपर उभ्या उभ्या झोपून राहिला! त्याले काढा आधी!" गोलकीपर माझ्या मागेच उभा होता, गुडघे चुन्याने पांढरे. शांतपणे म्हणाला, "भाऊ, सहाले नाईट सुटली, आठले मॅच. ड्युटी चार्ट तर तुमीच बनवता ना." सगळे माझ्याकडे बघायला लागले. आम्ही एकाच वर्कशॉपात होतो, तो वेल्डर, मी टाइमकीपर, आणि पाळ्या लावताना मॅच माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. पुढच्या शनिवारी मी त्याची नाईट बदलली. तो पोटभर झोपून, दाढी करून मैदानावर आला, आणि आम्ही सहा गोल खाल्ले. टपरीवर त्यानेच माझ्या हातात चहा दिला. "तुमची गलती नव्हती भाऊ." ते ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, उलट मी त्याची माफी मागितली, आणि कशासाठी, ते आजही मला सांगता येत नाही.